फळ्यांखालचा माग

भवानी पेठेतल्या आमच्या जुन्या घराची शेवटची भिंत पडली त्या सकाळी माझ्या पर्समध्ये एक पुडकं होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून दिलेलं. आत दशा होत्या. कापड विणून उतरवलं की मागावर टीचभर ताणा, म्हणजे उभं सूत, न विणलेला उरतो, त्या सुताच्या टोकांना आम्ही दशा म्हणतो. आमच्या मागावरच्या या शेवटच्या. बिबवेवाडीच्या फ्लॅटच्या दारात भिंतीला धरून उभे राहत अण्णांनी मला बजावलं होतं, "खड्ड्यात हे ठेव. वर स्वच्छ माती टाक. राडारोडा टाकू देऊ नकोस, आणि घाण पाणी तर नकोच नको." मी हो हो म्हणत स्कूटरची किल्ली शोधत होते. अण्णांचं एकच वाक्य तीन वेळा ऐकायची मला सवय झाली आहे.

खड्डा म्हणजे मागाचा खड्डा. आमचा माग जमिनीत होता. जमिनीशी सपाट सूत ताणलेलं, त्याच्या टोकाला खड्डा, खड्ड्याच्या काठावर विणकर बसणार आणि पाय आत सोडून खालच्या पावड्या दाबणार. अण्णा तिथं बसले की कमरेपासून वरचेच दिसत. लहानपणी मला वाटायचं, वडील ही गोष्ट जमिनीतून उगवते.

आता जमीन तेवढी उरली होती. विटा, मातीचे ढीग, मोडलेल्या कौलांचा खच, आणि मागच्या खोलीच्या जागी तो खड्डा, उघडा, सकाळच्या उन्हात. इतका लहान असेल असं वाटलं नव्हतं. नव्या इमारतीच्या आराखड्यात तेवढी जागा बाजूची मोकळी पट्टी म्हणून सुटणार होती, त्यामुळं तिथं पाया खोदायचा नव्हता. अण्णांची मागणी काही अवघड नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं.

माझ्याबरोबर शुभदा होती. शुभदा माझी शाळेपासूनची मैत्रीण, सदाशिव पेठेतली. तिच्या मुलासाठी तिनं याच नव्या इमारतीत फ्लॅट ठरवला आहे, त्यामुळं जागा बघायला आली होती. बिल्डरचा साइट इंजिनिअर भंडाऱ्याकडचा पोरगा, निखिल नावाचा, डोक्यावरचं हेल्मेट काढून मला म्हणाला, "मॅडम, हा गड्डा कशाचा होय?"

शुभदाही माझ्याकडे बघू लागली. मी म्हणाले, "पाण्याचा हौद असेल."

असेल, म्हणाले मी. ज्या घरात जन्मले, वाढले, जिथून लग्न होऊन गेले, त्या घरातल्या खड्ड्याबद्दल मी 'असेल' म्हणाले. निखिल क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग "हो का" म्हणाला. शेजारी उभा असलेला मुकादम खूश झाला. हौदच असेल तर खोदाई वाचली, ड्रेनेजचं चेंबर इथंच घेऊन टाकू, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवलं. शुभदानं विचारलं, तुमच्या कापडाच्या दुकानाचं गोदाम इथंच होतं का गं. मी मान हलवली. पर्स मी पोटाशी घट्ट धरली होती. आत पुडकं होतं.

शुभदा गेल्यावर मी आळीच्या तोंडाशी चहाच्या टपरीजवळ स्कूटर लावून नुसती उभी राहिले. घरी जायला पाय निघत नव्हता.

ही आळी एकेकाळी पहाटे बंद व्हायची. पेठा वसवल्या तेव्हा राज्यकर्त्यांनी पैठण-येवल्याकडून विणकर आणवले आणि त्यांना इथं जागा दिल्या, असं अण्णा सांगायचे. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. पण आळी सरळसोट का, याचं त्यांच्याकडे उत्तर होतं: ताणा सरळ जायला हवा म्हणून. उजाडायच्या आधी घराघरातून ताणे बाहेर यायचे आणि आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलं जायचं. त्याला खळ लावायची, ती वाळायच्या आत कुंच्यानं सारखी करायची, आणि ऊन चढायच्या आत गुंडाळून आत न्यायचं. या कामाला पांजणी म्हणत. पांजणी चालू असेपर्यंत आळीतून कुणी जात नसे. दूधवाला सायकल भिंतीला टेकवून विडी ओढत बसायचा. कुणाचं मूल धावत त्या सुताखालून गेलं तर चार घरच्या बायका एकदम ओरडायच्या. रंगवलेलं सूत असलं की सगळी आळी अंजिरी नाहीतर डाळिंबी व्हायची आणि गटारातून त्याच रंगाचं पाणी वाहायचं. कुणाकडे कोणतं लुगडं लागलंय ते आम्ही गटार बघून ओळखायचो.

आणि तो वास. खळ म्हणजे तांदळाची नाहीतर गव्हाची पेज, पण ती ताजी लावत नसत, आंबवून लावायची. तो आंबूस वास सुताला, भिंतींना, पांघरुणांना, आमच्या वेण्यांना लागलेला. आळीत असताना तो कधीच जाणवायचा नाही. शाळेत वर्गात पंखा सुरू झाला की मात्र मला माझाच वास यायचा. मी खिडकीजवळच्या बाकावर बसायची, वाऱ्यानं तो बाहेर जाईल या हिशेबानं. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, कुणाचा डबा नासलाय का. वर्ग हसला. मीही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

त्याच सुमारास कधीतरी कुणी विचारलं, तुझे वडील काय करतात, आणि मी सांगितलं, कापडाचा व्यवसाय आहे. हे तसं खोटं नव्हतं. मला त्या वयातही असली वाक्यं छान जमायची.

आमच्या आईचा अंगठा आणि पहिलं बोट कायम राखाडी असायचं. ताणे जोडायचं काम तिचं. कापड उतरलं तरी मागावरचं सूत पूर्ण कापायचं नाही, असा आमच्याकडे दंडक होता. जुन्या ताण्याचं शेपूट मागाच्या फणीत तसंच ओवलेलं ठेवायचं. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा त्या जुन्या शेपटाच्या एकेका धाग्याला पीळ देऊन जोडायचा. बोटं घसरू नयेत म्हणून शेजारी चुलीतली राख घेतलेली. आई दिवसभर वाकून तेवढंच करायची, आणि मी तिच्या समोर बसून एकेक धागा सुटा करून तिच्या हातात द्यायची. ती गाणं म्हणायची नाही, बोलायचीही नाही, नुसतं पुटपुटल्यासारखं करायची. माझा हात मंदावला की बोटाने जमिनीवर टकटक.

म्हणजे आमच्या मागावर पहिला धागा असा कधी नव्हताच. हे लुगडं आधीच्या लुगड्याला जोडलेलं, ते त्याच्या आधीच्या. अण्णांचं आजोबांच्या, आजोबांचं त्यांच्या वडिलांच्या. मागचा माणूस गेला तरी त्याचं शेपूट फणीत असायचं. मी हे कौतुकानं सांगते आहे, पण तेव्हा मला याचं काही नव्हतं. मला फक्त बोटांवरची राख दिसायची. शाळेत जाताना मी ती लिंबाच्या फोडीनं घासून काढायची.

अमावास्येला माग बंद. त्या दिवशी आळी इतकी गप्प व्हायची की म्हाताऱ्या माणसांना झोप लागायची नाही. आडवं सूत नेणाऱ्या धोट्याची खटखट ही आमच्या घरातली शांतता होती, ती थांबली की सगळे एकमेकांकडे बघायचे. मग बीजेच्या संध्याकाळी सगळी आळी दारात येऊन चंद्राची कोर शोधायची. कोर दिसली की अंगावरच्या कपड्याची एक दशी ओढून तिला वाहायची आणि जुनं घे, नवं दे, असं म्हणायचं. पुण्यात सगळेच हे करतात, पण आमच्या आळीत ते मागणं गमतीचं नव्हतं. नवं म्हणजे नवा ताणा. अण्णा टोपी काढून म्हणायचे.

मग एका शनिवारी शुभदा घरी येते म्हणाली. कशासाठी ते आठवत नाही, कुठल्यातरी वहीचं निमित्त असेल. मी नाही म्हणू शकले नाही. घरी कुणाला काही सांगितलंही नाही. रात्री जेवताना अण्णांना एवढंच विचारलं, उद्या माग चालू असणार का. त्यांनी वर बघितलं. का म्हणून त्यांनी विचारलं नाही. कोण येणार आहे, एवढंच विचारलं. मी सांगितलं, वर्गातली मुलगी आहे, सदाशिव पेठेतली.

सकाळी मी उठले तर खड्डा नव्हता. त्यावर सागवानी फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांवर लग्नकार्यातली सतरंजी अंथरली होती. मागावर चादर. फणी, धोटे, कांड्या सगळं माळ्यावर गेलेलं. आदल्या दिवशीच पांजणी केलेला ताणा गुंडाळून कोपऱ्यात उभा, त्यालाही आईचं एक लुगडं नेसवल्यासारखं गुंडाळलेलं. आईनं ऊद जाळला होता. अण्णा इस्त्रीचा कोट घालून सतरंजीवर बसले होते, पाय आत ओढून, मांडी घालून. त्यांना मांडी घालायची सवय नव्हती. त्यांचे पाय सगळं आयुष्य खाली सोडलेले.

शुभदा आल्यावर अण्णा तिला म्हणाले, "या, बसा." माझ्या वयाच्या मुलीला अहो-जाहो. मग पाच मिनिटांनी काम असल्यासारखे उठले आणि ती जाईपर्यंत आळीच्या तोंडाशी जाऊन बसले. कोट घालून, उन्हात. आईनं पोहे दिले. शुभदा सतरंजीवर, खड्ड्याच्या बरोबर वर बसली होती. तुमच्या घरात उदाचा वास किती छान येतो गं, म्हणाली. खरंच म्हणाली, ती कधीच खवचट नव्हती. ती एकदा जराशी हलली तेव्हा फळ्या खालून पोकळ वाजल्या. माझ्या हातातला घास खाली पडला.

संध्याकाळी अण्णांनी फळ्या काढल्या, कोट खुंटीला लावला, आणि पाय खाली सोडून बसले. त्यानंतर माझ्या मैत्रिणी येणार असल्या की मला विचारावंच लागायचं नाही. फळ्या आपोआप पडायच्या. अण्णांना ते इतकं सहज जमू लागलं की मला हळूहळू त्याची लाजही वाटेनाशी झाली. आज वाटते. आज इतकी वाटते की ती कुठं ठेवावी ते कळत नाही.

पुढं आळीतला एकेक माग थांबला. कधी कुठला ते सांगता येत नाही, आवाज एकदम बंद होत नाही, फक्त एक दिवस मोकळं मोकळं वाटू लागतं. आमचा शेवटचा. शेवटचं लुगडं उतरलं तेव्हा अण्णांनी शेपूट फणीत तसंच ठेवलं, दंडकाप्रमाणं. नवा ताणा आला की जोडायला. आई राख तयार ठेवायची की नाही मला माहीत नाही, मी तोवर बँकेत लागले होते. अण्णा माझ्याकडे बिबवेवाडीला राहायला आले तेव्हा माग मोडीत गेला. अण्णांनी फणीतलं शेपूट तेवढं सोडवून घेतलं आणि येताना बरोबर त्या सागवानी फळ्या आणल्या. मला वाटलं, चांगलं लाकूड म्हणून. सुतारानं त्यांचा गॅलरीत बाक करून दिला. अण्णा सगळा दिवस त्याच्यावर बसतात. पाय खाली लोंबकळत असतात आणि मधूनच एक खाली जातो, एक वर येतो.

गंमत अशी की आता हातमाग म्हटलं की लोक हात जोडतात. शुभदाचं कपाट हातमागाच्या साड्यांनी भरलेलं आहे. मी सकाळी 'हा माग होता' म्हणाले असते, तर तिनं त्या खड्ड्याचे फोटो काढून दहा ठिकाणी पाठवले असते. मागाची लाज केव्हाच संपली. लाज उरली ती सतरंजीची. माग होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तेव्हा मी कशावर बसले होते गं?

टपरीवरचा चहा निवून गेला होता. शुभदाला मी कधी सांगेन ते मला माहीत नव्हतं. पण चेंबर बांधायला वेळ लागत नाही, हे मला ठाऊक होतं. मी परत फिरले.

जेवणाची सुट्टी झाली होती. मजूर सावलीला आडवे झाले होते. निखिल एकटाच मागच्या बाजूला होता आणि माझ्याकडे त्याची पाठ होती. त्यानं बूट काढून बाजूला ठेवले. वाकून खड्ड्याच्या काठाला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. मग उजवा पाय आधी आत सोडला, मग डावा, आणि काठावर बसला. अण्णा बसायचे तसा. त्यानं पाय थोडे हलवून बघितले, कुठं टेकतात ते शोधल्यासारखे, आणि मग ते स्थिर झाले.

मी जिथं होते तिथंच उभी राहिले. त्याला सकाळपासून माहीत होतं. त्याला विचारायचं नव्हतंच, त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं.

माझी चाहूल लागताच तो गडबडीनं उठला, पायाची माती झटकू लागला. मी म्हणाले, "हौद नाही तो."

"माहीत आहे मॅडम," तो म्हणाला. "आमच्या घरीही होता. आजोबांचा."

"मग सकाळी बोलला का नाही?"

तो बूट घालत होता. खाली बघतच म्हणाला, "तुम्ही हौद म्हटलं ना. मीही हॉस्टेलवर शेतीच सांगितली होती."

मग त्यानं सांगितलं की चेंबर तिथं येणार नाही, मुकादमाला त्यानं सकाळीच पलीकडचा कोपरा दाखवला होता. का म्हणून मुकादमानं विचारलं, तेव्हा इथं उतार बसत नाही असं सांगितलं. म्हणजे माझं खोटं झाकायला या पोरानं आणखी एक खोटं सांगितलं होतं. मी त्याचे नीट आभारही मानू शकले नाही.

अण्णांनी काय सांगितलंय ते मी त्याला सांगितलं, तेव्हा पुडकं त्यानंच उघडायला लावलं. सुताची ती गुंडी पिवळी पडली होती, रंग मूळचा कोणता ते ओळखू येत नव्हतं. मी ती नाकाशी नेली. खळीचा वास गेला होता. जो वास घालवायला शाळेत खिडकीजवळचा बाक धरला, तो नेमका गेला होता. टोकाटोकाला आईनं जोडलेल्या धाग्यांचे पीळ मात्र हाताला लागत होते.

मी कधी त्या खड्ड्यात पाय सोडला नव्हता. आमच्यात मुली मागावर बसत नसत, हे एक कारण. मला बसायचं नव्हतं, हे दुसरं. निखिलनं हात दिला. मी चप्पल काढली, उजवा पाय आत टाकला, आणि बसले. तळाशी पावड्यांखालची जमीन दोन ठिकाणी खोलगट झाली होती. माझे पाय तिथं पोचत नव्हते. बोटं ताणली तेव्हा जेमतेम लागली. मातीला अजून गारवा होता. मी आत उतरले आणि दशा दोन खळग्यांच्या मधोमध ठेवल्या. मग निखिलनं चाळलेली माती मागवली आणि आम्ही दोघांनी घमेल्यानं खड्डा भरला. मजुरांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं असेल, शहाण्या माणसांचं काहीतरी चाललंय.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. अण्णा गॅलरीत त्या फळ्यांच्या बाकावर बसले होते. झालं का, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, स्वच्छ माती, घाण पाणी नाही, भंडाऱ्याकडचा पोरगा, त्याचे आजोबा. अण्णांना त्या पोराचं फार बरं वाटलं. आधी कोणता पाय टाकला त्यानं, म्हणून विचारलं. उजवा, म्हटल्यावर समाधानानं मान हलवली.

तिथंच थांबता आलं असतं. अण्णांनी आणखी काही विचारलं नसतं, त्यांनी कधीच विचारलं नाही. पण मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अण्णा, सकाळी त्यानं मला विचारलं होतं, खड्डा कशाचा म्हणून. मी हौद म्हणाले. शुभदा बरोबर होती."

अण्णा खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. त्यांचे पाय थांबले होते. मी ते काय बोलतील याची वाट बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"शुभदा आली होती होय," ते म्हणाले. "मग आधी सांगायचंस की. फळ्या टाकल्या असत्या."

आणि भिंतीला धरून, सावकाश, ते बाकावरून उठून बाजूला उभे राहिले.